हनुवटीवरची लव

डंडीत, टे नदीच्या काठी,
तागाच्या बंद गिरणीत तिसऱ्या मजल्यावर
अकरा जणांनी चार वर्षं खपून एक समुद्र केला.
त्यात देवमासे उडतात, पिल्लांना पाठीशी घेऊन,
आणि मेलेली माणसं बंदरावर मीठ विकतात;
सुट्टे नसले की म्हणतात, उद्या या.
याबद्दल कुणाचीच तक्रार आली नाही.

तक्रार आली नावाडणीबद्दल.

ती दिसते मोजून चार मिनिटं.
पलीकडे सोडते, अकरा वाक्यं बोलते,
त्यातली तीन हवेबद्दल.
कर्स्टीननं तिचा चेहरा घडवायला घेतला
तेव्हा बाहेर चारलाच अंधारलं होतं.
आदल्या रविवारी इस्पितळात आईजवळ बसली असताना
खिडकीतून तिरपा उजेड आला
आणि आईच्या हनुवटीवरची लव
सोनेरी झाली, पीचवरची असते तशी.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसली.
आई म्हणाली, बघतेस काय, चहा गार होतोय.

एवढंच.
ना धोरण, ना बैठक.

मग झलक बाहेर पडली आणि गहजब.
बाईला दाढी!
आमच्या बालपणाची माती केलीत,
असं एकजण म्हणाला; त्याचं बालपण
त्याच्याच हिशेबानं एकोणीस वर्षांपूर्वी संपलं होतं.
कुणी पडद्यावर फुटपट्टी धरून
जबडा मोजला, लाल रेघा मारल्या,
शाळेत भूमिती टाळलेल्या हातांनी
दोन दशांश स्थळांपर्यंत.
लीड्सच्या एका गृहस्थानं खेळ विकत घेतला
तो हातोड्यानं फोडायला.
विक्रीच्या तक्त्यात
तो आम्हाला समाधानी ग्राहक म्हणून दिसतो.

कुणी तिला ‘बरी’ केली.
गाल गुळगुळीत, ओठ मधमाशी चावल्यासारखे.
चाळीस हजार घरांत ती वल्हवू लागली,
त्या थंडीत, उघड्या खांद्यांनी.

बाजू घेणारेही थोडेथोडके नव्हते.
त्यांनी तिचा झेंडा केला.
कपांवर छापली, मूठ वर उगारलेली;
आमच्याकडे तिची मूठ वल्ह्याभोवती होती.
ज्याला ती नुसती आवडली
त्याला दरडावून विचारलं, नुसती का?

कर्स्टीनला निनावी पत्रं आली.
एकात तिच्या घराचा पत्ता होता,
बिनचूक, पोस्टकोडसकट.
पत्र तिनं पोलिसांत दिलं
आणि तो आठवडा बहिणीकडे झोपली.
याचा विनोद
मला अजून जमलेला नाही.

मी आवाजाचा माणूस.
पाणी, वारा, दोरांची करकर, एवढं माझं खातं.
फेब्रुवारीतल्या एका रात्री
आम्ही दोघं नाव पुन्हा पुन्हा सोडत होतो,
या काठावरून त्या काठावर, रिकामी,
आणि तिनं अचानक माझा आवाज बंद केला.
वल्हं पाण्यात गेलं. बाहेर आलं.
पाणी हललंच नाही.
साधा तरंग नाही!
सत्तावीस हजार सह्या, एवढी भिंगं, एवढ्या फुटपट्ट्या,
आणि माझ्या चुबुक-चुबुकनं
सगळ्यांचे डोळे झाकले होते.
कर्स्टीन हसली, त्या महिन्यात पहिल्यांदाच.
म्हणाली, ही बघ. ही खरी चूक.

उजाडेपर्यंत आम्ही तरंग करत बसलो.

रविवारी तिनं आईला दाखवलं.
म्हातारीनं चष्मा लावला, नाव काठाला लागेस्तोवर पाहिलं.
हनुवटीबद्दल काही नाही.
ओळखल्याची खूण नाही.
म्हणाली, बाई दमलेली दिसते.
हिला जेवायला कधी सोडता?

पुढच्या दुरुस्तीत
नावाडणीच्या फळीखाली एक डबा आला आहे.
झाकण अजून उघडत नाही.